रिकाम्या कड्यावरचा ठिपका

पाद्री लोक देवाच्या बाबतीत काटेकोर असतात, अंतराच्या बाबतीत असतातच असं नाही. लेसोथोच्या डोंगरांत आयुष्य घालवलेल्या एका फ्रेंच पाद्रीबाबांनी फार वर्षांपूर्वी तट्टूवर बसून बारोआ लोकांची, म्हणजे तिथल्या जुन्या शिकारी लोकांची, कातळचित्रं शोधली, पातळ कागद लावून ती गिरवून घेतली आणि प्रत्येक चित्र कुठं सापडलं ते कागदाच्या मागं लिहून ठेवलं. पण लिहिलं ते असं : 'मिशनपासून पूर्वेला दोन पाइप. मग माझं तट्टू नेहमी अडून बसतं तो ओढा. तिथून चढण, अर्धा पाइप. वारा असेल तर कमी.'

पुढं पाद्रीबाबा गेले, तट्टू गेलं, ओढ्यावर पूल झाला. कागद तेवढे उरले आणि फिरत फिरत जिल्ह्याच्या वारसा कार्यालयात मोखेथी रांताईच्या टेबलावर आले. या कागदांवरून नकाशावर ठिपके मांडायचे, हे त्याचं काम. राजधानी मासेरूहून आलेल्या तज्ज्ञांनी हे काम अशक्य असल्याचा जाडजूड अहवाल आधीच दिलेला होता. मोखेथीनं अहवाल वाचला नाही. त्यानं एक पाइप विकत घेतला, एक तट्टू भाड्यानं घेतलं आणि एक पाइप विझेपर्यंत तट्टू किती लांब जातं ते बघून आला. पहिल्या दिवशी तो उलट्या करत परतला. बायको म्हणाली, "पन्नाशीनंतर व्यसन लावून घेणारा तू पहिलाच. तेही सरकारी कामासाठी."

पण हिशोब बसला. त्यानंतर मोखेथी प्रत्येक जागी स्वतः गेला, चित्राला चित्र ताडून पाहिलं आणि मगच ठिपका मांडला. खुर्चीत बसून ठिपका मांडणाऱ्यांना तो टपालखात्यातली माणसं म्हणे. टपालखात्यात काम करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याला हे आवडत नसे.

हा सगळा लौकिक खरा होता. एका ठिपक्यापुरता नव्हता.

तो कागद हातात आला तेव्हा मागचा मजकूर वाचायची त्याला गरजच पडली नव्हती. कागदावर लाल रंगाचं एक एलंड होतं, बैलाएवढं थोराड हरीण, पुढं चालता चालता मान पूर्ण वळवून मागं बघणारं. त्याच्या पायाशी शिंगं असलेला एक माणूस. मोखेथी सतरा वर्षांचा असताना एक अख्खा हिवाळा त्या एलंडाखाली झोपला होता.

त्या खोऱ्यातल्या मुलांची डोंगरशाळा तेव्हा त्याच कड्याखाली भरत असे. मुलगा आत जातो आणि पुरुष बाहेर येतो, एवढंच जगाला सांगायचं असतं. तिथं काय होतं हे इथं सांगता येणार नाही, कारण मोखेथीनंच ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. काय होतं ते सांगायचं नाही आणि कुठं होतं तेही सांगायचं नाही. बायकांना तर नाहीच, आणि जो त्यातून गेला नाही त्यालाही नाही. शेवटच्या दिवशी झोपडी पेटवून देतात आणि पोरं डोंगर उतरू लागतात. पाठीमागं आगीचा आवाज येत असतो, पण मागं वळून बघायचं नाही. मोखेथीनं बघितलं नव्हतं. डोक्यावरचं एलंड सगळा हिवाळा मागं बघत होतं आणि पोरांना मात्र बंदी होती, हे त्याला तेव्हाही जरा अन्यायाचं वाटलं होतं.

आता प्रश्न असा होता, की ठिपका खरा मांडला तर तो नकाशावर जाणार. नकाशा आधी जाणार वरिष्ठांकडं, म्हणजे म्मे मापुलेंगकडं. म्मे मापुलेंग ही बाई होती. मग तो भिंतीवर लागणार, छापला जाणार, आणि डरबनच्या सहलवाल्यांच्या हाती पडणार. मोखेथी खोऱ्यात गेला, तट्टूवरून पडला, नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही कडे बघून लंगडत परत आला आणि ठिपका त्यानं नदीच्या पलीकडच्या कड्यावर मांडला. तो कडा सर्वस्वी रिकामा होता. तिथं फक्त कपारींत राहणारे दगडी ससे असत, आणि त्यांची कुणाबद्दल काही तक्रार नव्हती.

आपण चित्राचं रक्षण केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन वर्षं स्वतःनं ते ऐकूनही घेतलं.

मग एका शुक्रवारी रस्ता बांधणाऱ्या कंपनीचं आभाराचं पत्र आलं.

म्मे मापुलेंगनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चहा होता, वाडगाभर माकोएन्या होते, पिठाचे तळलेले गोळे, गरम, साखर लावलेले. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. कंपनीला खोऱ्यातल्या नव्या रस्त्यासाठी खडी हवी होती. दोन कडे सोयीचे होते. वारसा कार्यालयाच्या उत्कृष्ट नकाशावरून एका कड्यावर कातळचित्र असल्याचं कळलं, म्हणून कंपनीनं तो कडा सोडला आणि समोरचा घेतला. एवढंच नव्हे, चित्राच्या कड्याला कंपनीनं स्वतः तारेचं कुंपण घातलं. 'आपल्या अचूकतेमुळं एक अमोल ठेवा वाचला. समोरच्या कड्यावर या महिन्यात सुरुंग लागतील.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"न्ताते मोखेथी, बोला की दोन शब्द," टायपिस्ट बाई म्हणाली.

मोखेथीच्या तोंडात माकोएन्या होता. तो त्यानं बराच वेळ चावला.

"बघा, लाजले," कुणीतरी म्हणालं.

म्मे मापुलेंगनी पत्राची घडी घातली. एरवी त्या अशा प्रसंगी छोटंसं भाषण करत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय," आणि आपल्या खोलीत गेल्या.

शनिवारी पहाटेची टॅक्सी पकडून मोखेथी खोऱ्यात गेला. शेवटचा टप्पा चालत होता. वळणावर त्याला ते कुंपण दिसलं. नवीकोरी तार, हिरवे खांब आणि वर पाटी : 'संरक्षित ठेवा. आत जाऊ नये.' आत एक दगडी ससा पाटीच्या सावलीत बसला होता, चांगला पोसलेला. देशात इतकं संरक्षण फार थोड्यांना मिळतं.

समोरच्या कड्यावर पांढऱ्या चुन्यानं फुल्या मारलेल्या होत्या.

न्ताते सेखोन्याना घराबाहेर उन्हाला बसले होते, अंगावर ब्लँकेट, डोक्यावर गवताची टोपी. मोखेथीच्या हिवाळ्यातले ते गुरू. तेव्हा त्यांचा आवाज ऐकला की पोरांचे गुडघे थरथरत. आता त्यांचेच थरथरत होते, पण आवाज तोच होता.

"लुमेला, न्ताते."

"कोण? अरे, कागदवाला आला! ये. आमचे डोंगर घडी घालून खिशात नेतोस म्हणे?"

"नोकरी आहे, न्ताते."

"असू दे, असू दे. कुणी शेरडं राखतं, कुणी ठिपके राखतं. बस. जोआला घे."

ज्वारीच्या बिअरचं भांडं मोखेथीकडं आलं. त्यानं एक घोट घेतला आणि भांडं तसंच हातात धरून ठेवलं.

"न्ताते, समोरच्या कड्यावर फुल्या आहेत."

"माझे डोळे गेलेत, पण इतके नाही गेले."

"सुरुंग लावणार आहेत."

"मला विचारूनच लावतायत," म्हातारा म्हणाला. "मुखियाच्या ओसरीवर आला होता तो इंजिनियर, सशासारखा, दात पुढं. म्हणाला, आजोबा, त्या कड्यावर कुणाची थडगी आहेत का? म्हटलं, नाहीत. कुणाची शेतं? म्हटलं, कड्यावर कोण शेत करतं, तुझा बाप? मग त्यानं लिहून घेतलं, हरकत नाही."

"आणि तुम्ही बाकीचं सांगितलं नाही?"

"कुणाला? त्याला?" सेखोन्यानांनी टोपी मागं सरकवली. "तो शाळेतून गेला होता का? त्याच्या तोंडाकडं बघून कळत होतं, तो फक्त कॉलेजातून गेलाय."

"मुखिया?"

"मुखिया माझ्या शेजारी बसला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. तिथं गावातले पंधरावीस पुरुष होते. सगळे आपापल्या बुटांकडं बघत होते. इतकं शिस्तीचं गप्प बसणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. मला फार अभिमान वाटला." त्यांनी ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं. "आणि फार वाईट वाटलं."

नदीचा आवाज येत होता. मोखेथी म्हणाला, "मला बोलायची परवानगी द्या."

"मी कोण देणार? मलाच कुणी दिलेली नाही. ज्यांनी मला गप्प राहायला सांगितलं ते सगळे मेले. जाऊन विचार."

"पण कडा जाईल, न्ताते. एलंड जाईल."

"शाळा आता तिथं भरतही नाही. पलीकडच्या घळीत नेली, केव्हाच." म्हाताऱ्यानं भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं, प्यायला आणि मिशा पुसल्या. "पण जागा ती जागाच. एक सांग मला. कंपनीच्या पोराला कुणी सांगितलं, चित्र त्या सशांच्या कड्यावर आहे म्हणून?"

मोखेथीनं हात ब्लँकेटला पुसले.

"मी विचार करायचो, कुणी बरं सांगितलं असेल. आम्ही तर कुणी तोंड उघडलं नव्हतं."

"मी लिहिलं," मोखेथी म्हणाला. "सांगायचं नव्हतं म्हणून."

"हं." सेखोन्याना कुंपणाच्या दिशेनं बघत राहिले. "आम्ही नुसते गप्प बसलो, पोरा. तू गप्प बसताना बोट दाखवलंस."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, आणि वर घरातून मक्याची उकड आणि पालेभाजी मागवून त्याला जेवायला घातलं. मोखेथी जेवला. अपराधी माणसाला भूक लागू नये अशी काहीतरी सोय असायला हवी होती, पण डोंगर चढून आल्यावर ती लागतेच.

परतीच्या टॅक्सीत त्यानं ठरवलं, सोमवारी बोलायचं. म्हाताऱ्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही, पण ठिपका चुकलाय एवढं तरी सांगायचं.

सोमवारी म्मे मापुलेंग मासेरूला बैठकीला गेल्या होत्या. हे ऐकून मोखेथीला अतिशय बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं हे लक्षात आल्यावर अतिशय वाईट वाटलं. मंगळवारी त्या आल्या, पण त्यांचं डोकं दुखत होतं. दुखत्या डोक्याच्या माणसाला त्रास देणं बरं नव्हे. मोखेथी त्या दिवशी फार विचारी झाला. बुधवारी तो त्यांच्या दारापर्यंत गेला, आत डोकावला आणि स्टेपलर मागून परत आला. त्याच्या टेबलावर दोन स्टेपलर झाले. तो त्यांच्याकडं बघत बसून राहिला.

गुरुवारी सकाळी तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

"म्मे, तो एलंडाचा ठिपका चुकीचा आहे."

म्मे मापुलेंगनी पेन खाली ठेवलं.

"चित्र समोरच्या कड्यावर आहे. सुरुंगाच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

यावरचं उत्तर त्यानं तीन दिवस घोकलं होतं. "मी त्या वेळी तिथं गेलोच नव्हतो. कंटाळा केला. इथंच खुर्चीत बसलो, चहा घेतला आणि अंदाजानं ठिपका मांडला. आता कागद पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं. आळशीपणा झाला, म्मे. मला काय शिक्षा करायची ती करा."

नोकरीत त्यानं जे एकमेव पाप कधी केलं नव्हतं, ते त्यानं असं आपल्या नावावर घेतलं. केलेलं पाप झाकायला न केलेलं पाप पांघरावं लागतं, आणि ते आखूड पडतं, पाय उघडे राहतात.

म्मे मापुलेंगनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"न्ताते मोखेथी, त्या दौऱ्यावरून तुम्ही लंगडत आला होता. नाकाची सालटी निघाली होती. गुडघ्याला लावायचं मलम मी दिलं होतं तुम्हाला, माझ्या नवऱ्याचं. अजून परत आलेलं नाही."

मोखेथीचा हात नकळत गुडघ्याकडं गेला.

"चहा पिऊन माणूस लंगडत नाही."

"म्मे..."

"मी विचारत नाहीये. विचारणार नाही." त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. "मी कुठली सून आहे, ठाऊक आहे ना? त्याच खोऱ्यातली. छपराचं गवत कापायला आम्ही बायका त्या कड्याखालीच जात होतो. पुरुषांना वाटतं आम्ही जाताना डोळे घरी चुलीपाशी ठेवतो."

"म्हणजे तुम्हाला..."

"मला काही ठाऊक नाही. ठाऊक असायचंच नाही मला. सासूबाईंना ठाऊक नव्हतं, त्यांच्या सासूला ठाऊक नव्हतं. गवत बांधताना आम्ही सगळ्या त्या हरणाकडं पाठ करून उभ्या राहायचो, आणि पाठ नेमकी कुठं करायची ते प्रत्येकीला बरोबर कळायचं." त्या पुन्हा टेबलाकडं वळल्या. "तुमचा नकाशा माझ्यासमोर आला तेव्हा ठिपका कुठं पडलाय ते मला दिसलं. म्हटलं, आपल्याला ठाऊकच नाही तर चूक कशी काढायची? सही केली."

दुसऱ्याचीही चूक आहे असं कळलं की आपली अर्धी होईल, असं मोखेथीला आजवर वाटत आलं होतं. तसं झालं नाही. दोन झाल्या.

मग म्मे मापुलेंगनी फोन उचलला. कंपनीचं ऑफिस लागायला वेळ लागला. त्यांनी सांगितलं, आमच्या माणसानं आळस करून जागेवर न जाताच ठिपका मांडला, नकाशा चुकलाय, काम थांबवा. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. म्मे मापुलेंग ऐकत होत्या आणि पेनाचं टोपण उघडत-लावत होत्या. "काल?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "किती मोठा?" मग त्यांनी फोन ठेवला.

"चाचणीचा एक सुरुंग काल दुपारी लावला. एकच. बाकीचं थांबवतायत."

काल म्हणजे बुधवार. मोखेथीला आपल्या टेबलावरचे दोन स्टेपलर आठवले.

ऑफिसच्या गाडीनं दोघं दुसऱ्या दिवशी गेले. दात पुढं असलेला इंजिनियर पिवळं हेल्मेट घालून वाट बघत होता, आणि तो खरोखर दुःखी दिसत होता. "सर, आम्ही तर तुमचा नकाशा बघूनच सगळं केलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कुंपणही घातलं, सर. स्वखर्चानं."

"उत्तम कुंपण आहे," मोखेथी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

चढताना म्मे मापुलेंग पुढं होत्या. त्यांना वाट दाखवावी लागली नाही, आणि हे मोखेथीला दिसलं नाही असं त्यानं ठरवलं. इंजिनियर मागून धापा टाकत येत होता.

कड्याचा पुढचा ओठ तुटून खाली पडला होता. ताज्या फुटलेल्या दगडाचा वास येत होता. धुळीनं सगळं पांढरं झालं होतं. मोखेथीनं खांद्यावरचं ब्लँकेट काढलं आणि त्याच्या टोकानं, न घासता, नुसती झटकून धूळ उडवली. आधी शिंगवाल्या माणसाचे पाय दिसले. मग एलंडाचं पोट, लाल, तसंच ओलं वाटावं असं. पाठ. खांदा. खांद्यापुढं मात्र पांढरा, कोरा, कालच जन्मलेला दगड होता.

मान गेली होती. मागं बघणारं डोकं खाली खडीच्या ढिगात कुठंतरी होतं.

"बाकी बरंच वाचलं की, सर!" इंजिनियर म्हणाला. "ऐंशी टक्के म्हणायला हरकत नाही."

म्मे मापुलेंगनी त्याला हाताला धरून खाली नेलं. कुंपणाचे खांब उपटून इकडं आणायला किती माणसं लागतील, असं काहीतरी त्या त्याला मोठ्यानं विचारत होत्या.

मोखेथी एकटा राहिला. त्यानं पाद्रीबाबांच्या कागदाची प्रत खिशातून काढली आणि कातळासमोर धरली. कागदावरचं एलंड मागं बघत होतं. कातळावरचं आता कुठंच बघत नव्हतं. ठिपका उद्या इथं येईल, त्याच्याच हातानं, अगदी अचूक. ज्या अचूकतेसाठी टाळ्या वाजल्या होत्या, तीच. त्यानं कागद घडी करून ठेवला.

खाली, नदीपलीकडच्या रस्त्यावर, गावातले पुरुष येऊन उभे राहिले होते, ब्लँकेटं लपेटून, हात आत घेऊन. मधे गवताची एक टोपी होती. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते. कंपनीच्या माणसांकडून गावात बातमी पोचली असणार, की ठिपका चुकला तो साहेबाच्या आळसामुळं. पुरुषांना मात्र कळलं असणार, शब्द मोडला नाही त्यानं. उद्यापासून खोऱ्यातल्या बायका त्याला हसतील आणि पुरुष त्याला आपल्यात जागा देतील, जोआलाचं भांडं आधी त्याच्याकडं सरकवतील. दोन्ही भलत्याच कारणासाठी. आणि ते भांडं त्याला घ्यावं लागेल.

त्यानं ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि उतरायला लागला. सतरा वर्षांचा असताना याच वाटेनं, असाच नाकासमोर बघत तो उतरला होता, पाठीमागं आग असताना. अर्ध्या उतारावर तो थांबला.

खाली सगळे पुरुष त्याच्याकडं बघत होते. गवताची टोपी जराही हलली नाही.

इतकी वर्षं मागं बघायचं काम ते एलंड करत होतं. मोखेथी वळला आणि उभा राहून बघत राहिला.